सूट देताना कुणाला विचारलं?

‘अन्नसुरक्षा हा तज्ज्ञांचा प्रांत, तिथे हौशे-नवशे-गवशे घुसले की नियमांचा बाजार होतो,’ असा सूर नेहमी लागतो. शास्त्रज्ञ आहेत, प्रयोगशाळा आहेत, मग गिऱ्हाईक, दवाखान्यातला डॉक्टर, गाडीवाला यांचं ऐकत बसायचं कशाला? युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण हैदराबादेत तो टिकत नाही. तज्ज्ञांची इथे वाण आहे म्हणून नव्हे. राष्ट्रीय पोषण संस्था तर याच शहरात, तारनाक्याला आहे.

ओआरएसचं, म्हणजे जुलाबात द्यायच्या क्षार-साखरेच्या पाण्याचं, पाहा. जुलाबाने गळून गेलेल्या पोराची आई औषधाच्या दुकानात ‘ओआरएस’ मागायची आणि काउंटरवरून तिच्या हाती फळाच्या चवीचा, नळी लावलेला खोका पडायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएस सूत्रात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. या पेयांत साखर त्याच्या कितीतरी पट. जादा साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. इथल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष हे वर्षानुवर्षं सांगत होत्या, त्यासाठी तेलंगण उच्च न्यायालयातही गेल्या. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने एप्रिल २०२२मध्ये अशा पेयांवर ‘ओआरएस’ हे नाव वापरायला मनाई केली आणि जुलैत तीच मनाई सैल केली. ट्रेडमार्कच्या मागेपुढे ‘ओआरएस’ चालेल, फक्त ‘हे सूत्राप्रमाणे ओआरएस नव्हे’ असा खुलासा छापा! तीन महिन्यांत शास्त्र बदललं नव्हतं. बदललं काय, तर ट्रेडमार्कवाल्यांची अडचण ऐकली गेली. रात्री-अपरात्री दुकान गाठणारी आई खोक्यावरचा बारीक खुलासा वाचते का, हे कुठल्या प्रयोगशाळेत कळणार? ते रोज तिला पाहणारा डॉक्टर एका वाक्यात सांगतो. ती सूट रद्द व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडावा लागला.

याचा अर्थ उद्योगाला दाराबाहेर उभं करा, असा काही जण काढतात. तेही चूकच. शास्त्रीय समित्यांत कंपन्यांची माणसं नकोत, ही २०११मधली सर्वोच्च न्यायालयाची भूमिका रास्तच आहे. पण मत देणं वेगळं, म्हणणं मांडणं वेगळं. ऑक्टोबरच्या आदेशाविरुद्ध एक कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तिला प्राधिकरणापुढे सुनावणी मिळाली आणि मनाई तरीही कायम राहिली. हैदराबादच्याच डॉ. रेड्डीज कंपनीच्या याचिकेवरही न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. ऐकून घेतल्याने प्राधिकरणाचं काहीच बिघडलं नाही. उलट निर्णय पक्का झाला.

आता मेयोनीजचं घ्या. ऑक्टोबर २०२४मध्ये बंजारा हिल्स परिसरात मोमो खाऊन एका महिलेचा मृत्यू झाला, कित्येक जण आजारी पडले आणि राज्य सरकारने कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली. आग लागल्यावर बैठक बोलवायची नसते, तेव्हा त्या दिवशी कुणाला न विचारणं योग्यच. पण पुढच्या वर्षभराचं काय? शवर्माच्या गाडीवर मेयोनीजची पिचकारी-बाटली भट्टीच्या धगीजवळ तासन्‌तास उभी असते. ती किती वेळ बाहेर राहते, रात्री उरलेल्याचं काय होतं, बिनअंड्याचा माल कुठल्या भावाने मिळतो, हे गाडीवाल्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याला निव्वळ गुन्हेगार धरलं तर तो बाटली लपवेल, एवढंच.

नवं काही शोधायची गरजही नाही. अन्नसुरक्षेच्या २००६च्या कायद्याचं कलम १८ विनियम करताना लोकांशी खुली, पारदर्शक सल्लामसलत मागतं, त्यात पंचायतींचंही नाव आहे. प्राधिकरणावर ग्राहक संघटनांच्या दोन जागा आहेत. पळवाट आहे ती त्या कलमातल्या तातडीच्या अपवादात आणि साध्या आदेशात. लोकांच्या बचावासाठी तातडी समजू शकते. कंपनीला सूट देण्याची कसली तातडी? तेव्हा अन्नाविषयीचा कुठलाही नियम सैल करायचा असेल, तर मसुदा आधी लोकांपुढे यावा, उद्योगाने काय मागितलं तेही त्यासोबत छापावं. आणि हे राजपत्रातल्या हिंदी-इंग्रजीवर भागणार नाही. हैदराबादच्या गाडीवाल्यापर्यंत ते तेलुगू-उर्दूतूनच पोचेल.