हप्त्याला तरणी, भरपाईला म्हातारी

2025च्या सप्टेंबरात सीनेचा पूर माढा-मोहोळच्या घरांत शिरला. आमच्या माळवदाची भिंत पाणी उतरल्यावर चौथ्या दिवशी बसली. विमा कंपनीचा सर्वेअर आला, चार फोटो काढले अन् म्हणाला, "काका, ही पुरानं नाही, वयानं पडली." अहो, पाणी पायात मुरतं अन् मातीची भिंत मागाहून बसते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल! अन् हप्ता घेताना तीच भिंत तरणी होती का? सर्वेअर नेमते कंपनी, फी देते कंपनी. मग त्याचा शब्द काळ्या दगडावरची रेघ कशी? अहवालाची प्रत लेखी मागा. कंपनीनं लेखी तक्रारीलाही हात झटकले, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. तिथं वकील लागत नाही की फी.