तुर्कांचं किती, वऱ्हाडाचं किती?

गाविलगडाच्या दिल्ली दरवाज्यावर हत्ती धरलेला दोन तोंडांचा पक्षी कोरला आहे. त्याच्याबद्दल दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, हा तुर्कांचा गरुड, सेल्जुकांची निशाणी. दुसरं म्हणतं, तुर्कांनी वऱ्हाडात लुटीखेरीज काही केलंच नाही, तेव्हा त्यांच्या कलेची चर्चाच नको. दोन्ही मतं मला अमान्य आहेत आणि दोहोंमुळे आपल्या किल्ल्यांचं नुकसान होतं.

पहिल्या मताला आधार नाही असं नाही. तुर्कस्तानात कोन्याच्या तटावर, दिव्रिगीच्या 1228-29 च्या मशिदीवर दुतोंडी गरुड आहेच. पण कर्नाटकात बळ्ळिगावीला गंडभेरुंडाचा स्तंभ 1047 सालीच उभा राहिला होता आणि तक्षशिलेजवळच्या सिरकपमधला दुतोंडी पक्षी त्याच्याही सुमारे हजार वर्षं आधीचा. मग गाविलगडाचा कुणाकडून आला? बहमनींनी 1425 च्या सुमारास बांधलेला हा गड फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्कने मजबूत केला. तो विजयनगरच्या मुलखातला, लढाईत पकडून आणलेला मुलगा, असं इतिहासकार फिरिश्ता लिहितो. बहमनी दरबारात इराणी-तुर्की आफाकींचा एक पक्ष आणि दख्खनींचा दुसरा, फत्तेउल्ला दख्खनींचा. हत्ती उचलणारा गंडभेरुंड त्याने कोन्याहून आणला म्हणण्यापेक्षा जन्मभूमीतून आणला म्हणणं जास्त पटतं. इंग्रजांनी नरनाळा किल्ल्याच्या, फत्तेउल्लाच्याच काळातल्या महाकाली दरवाज्याला ‘पठाणी’ म्हणून गौरवलं, तेही त्याच घाईतलं. त्या फत्तेउल्लाचा पठाणांशी काय संबंध?

दुसरं मत मात्र जास्त घातक आहे. अल्लाउद्दीन खिलजी 1296 साली देवगिरीवर चालून जाताना अचलपुरावरूनच गेला. ती स्वारी लुटीची होती. त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण त्या एका स्वारीवरून पुढच्या तीनशे वर्षांच्या बांधकामाचा निकाल लावता येत नाही. बार्शीटाकळीचं कालंका देवीचं मंदिर पाहा. शिळेवर शिळा, खांबावर तुळई. दोन खांबांमधलं अंतर तुळईच्या लांबीने ठरतं. आता महाकाली दरवाज्याखाली उभे राहा. पाचरीसारखे घडवलेले दगड एकमेकांना रेटून कमान तोलतात, त्यामुळे हत्ती जाईल एवढी वाट एका अखंड शिळेशिवाय झाकता येते. ही विद्या मुळात तुर्कांची नव्हे, इराणातल्या गवंड्यांनी ती फार आधी साधली होती. पण ती रोजच्या वापरातली करून दिल्लीपर्यंत आणि तिथून तुघलकांच्या काळात दख्खनेत उतरवली ती तुर्क राज्यकर्त्यांच्या आश्रयाने. दिल्लीत बलबनाच्या कबरीत, तेराव्या शतकाच्या अखेरीस, ती स्पष्ट दिसते.

महाकाली दरवाजा 1487 चा. टोकदार कमान, तिच्यावर अरबी लेख, आजूबाजूला कमळं, दोन्ही अंगांना पुढे आलेले सज्जे आणि त्यांच्या दगडी जाळ्या. यातली कमान बाहेरची म्हणून काढली तर दरवाजा कोसळतो. कमळं आणि जाळ्या काढल्या तर उरतो कुठल्याही गढीचा दरवाजा. ज्या हातांनी कमळ कोरलं त्यांनी कमानीचं गणितही शिकून घेतलं, आणि ही शिकण्याची धमक मला त्या कारागिरांची सर्वांत मोठी गोष्ट वाटते. त्यांच्या कमानीला परकं म्हणणं हा त्यांचाच अपमान.

जिथे खरोखर तुर्क आहेत तिथे तसं म्हणायला कचरू नये. गोवळकोंड्याचा सुलतान कुली हमदानकडचा, काराकोयुन्लू तुर्कमान घराण्यातला. पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातल्या माणसाचा मुलगा अहमदनगरची निजामशाही स्थापतो, तर त्यालाही पाथरीचाच म्हणावं. आणि नरनाळ्यावर आधी एवढं व्हावं: दरवाज्यावरच्या लेखाचा मराठी अर्थ एका पाटीवर लिहावा, म्हणजे अकोटहून सहलीला आलेल्या पोरांना तो वाचता येईल, आणि त्याच दगडावर खिळ्याने आपलं नाव कोरणाऱ्याला आपण काय खरवडतो आहोत हेही कळेल.