रिपोर्टच्या आधीचा एक तास

इन्स्ट्रुमेंटेशनच्या पहिल्याच लेक्चरला आपण शिकतो की रीडिंग चुकलं तर पुढची सगळी गणितं वाया. आमच्या पोफळीच्या भूमिगत वीजगृहातही तेच, आणि स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टचंही तेच, असं माझं मत आहे.

गाठ लहान असताना सापडली की प्रश्न उरतो, ती पुन्हा उद्भवेल का? केमो द्यायची का? अंदाज बांधतात तो गाठीचा आकार, ग्रेड, काखेतल्या गाठींपर्यंतचा पसार आणि ईआर, पीआर, हर-टू या तीन तपासण्यांवरून. ईआर पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेनची स्वस्त गोळी पाच वर्षं घेतल्याने पहिल्या पंधरा वर्षांतले या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. (गंमत अशी, की ईआर 'निगेटिव्ह' वाचून घरच्यांना उगाच हायसं वाटतं!)

आता पुढच्या टेस्टही आल्या आहेत. अमेरिकेची ऑन्कोटाइप डीएक्स 21 जनुकं मोजते. 2018 साली दिसलं, की काखेत पसार नसलेल्या, ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह रोगात स्कोअर 11 ते 25 असेल, तर पन्नाशीपुढच्या बायकांना हार्मोनच्या गोळ्यांवर केमोचा जादा फायदा नाही. बंगळूरला डॉ. मंजिरी बाक्रे यांच्या कंपनीने कॅनअसिस्ट काढली. पाच प्रथिनं, शिवाय आकार, ग्रेड, काखेतला पसार. आणि हिशेब मशीन लर्निंगचा. कॉम्प्युटरवाल्यांनो, हे आपलंच काम!

पण या साऱ्या टेस्ट होतात त्याच मेणाच्या ब्लॉकवर. काढलेला तुकडा तासाभरात फॉर्मॅलीनमध्ये जायला हवा आणि त्यात 6 ते 72 तास राहायला हवा. उशीर झाला तर ईआर खोटाच निगेटिव्ह येऊ शकतो, आणि जी गोळी लागू पडली असती ती लिहूनच दिली जात नाही. आमच्यासारख्या गावाकडे ऑपरेशन एका ठिकाणी आणि लॅब दुसऱ्या शहरात, म्हणून ही भीती जास्त.

"ते डॉक्टर बघतील", असं कुणी म्हणेल. बघतातही. पण गाठ काढल्याची वेळ आणि फॉर्मॅलीनमध्ये टाकल्याची वेळ, दोन्ही फॉर्मवर लिहिल्यात का, हे नातेवाइकांनी विचारलं तर त्यात उद्धटपणा कसला? महागड्या टेस्टचे पैसे जमवण्याआधी हे विचारा. आणि ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये, कुठल्या नंबराने ठेवलाय तेही लिहून घ्या. शंका आली तर दुसरीकडे पुन्हा तपासता येतो.