'चार फटके द्या, सरळ होईल' म्हणणाऱ्यांसाठी

गेल्या आठवड्यात एक ताई माझ्याकडे आल्या. बातमी द्यायला नाही, बातमी थांबवायला. "दादा, तेवढं छापू नका. पोरगं चौथीत आहे हो." (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.)

झालं असं. फळ्यावरचं लिहून झालं नव्हतं म्हणून बाईंनी वही ओढून घेतली. पोरानं कंपासपेटी भिरकावली. ती शेजारच्या मुलाच्या कपाळाला लागली, दोन टाके पडले. संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मुलगा 'गुंड' झाला आणि आई 'लाडावून ठेवणारी'. दुसऱ्या दिवशी शाळेतून निरोप आला, दाखला घेऊन जा.

एक गोष्ट आधीच सांगतो. ज्याच्या मुलाला टाके पडले, त्याचा संताप शंभर टक्के रास्त आहे. त्याचं मूल शाळेत सुरक्षित राहिलंच पाहिजे. पण दाखला हातात दिल्यानं प्रश्न सुटत नाही, फक्त पुढच्या शाळेत जातो.

ताई सांगत होत्या. मोबाईल बंद केला, आवडीचा शर्ट धुवायला टाकला, एवढ्यावरून वीस-वीस मिनिटं थैमान. भांडी फेकणं, दाराला लाथा. नंतर तोच पोरगा कुशीत येऊन रडतो, सॉरी म्हणतो आणि झोपतो. वडिलांनी एकदा पट्ट्यानं मारलं. दोन दिवस शांत राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं तोच पट्टा धाकट्या बहिणीवर उगारला.

माझ्या मते सगळा विषय या एका प्रसंगात आला. मारल्यावर मूल गप्प बसतं म्हणून आपल्याला वाटतं की उपाय लागू पडला. प्रत्यक्षात ते घाबरलेलं असतं. राग कसा आवरायचा हे ते शिकत नाही. राग आला की मोठ्यानं लहानाला मारायचं, एवढं मात्र पक्कं शिकतं.

"आम्ही पण मार खाल्ला, काय बिघडलं?" हा प्रश्न कॉमेंटमध्ये येणारच. आपल्यातले बरेच जण मार खाऊन सरळ झाले नाहीत, मार खाऊनही निभावले. आणि जे निभावले नाहीत, नववीत शाळा सोडून गेले, ते आज ही पोस्ट वाचत नाहीयेत.

मग अशा मुलांना मोकळं सोडायचं? अजिबात नाही. त्यांना शिस्त जास्तच लागते, पण वेगळी लागते.

भडका उडालेला असताना उपदेश करू नका, त्या वेळी काहीही डोक्यात शिरत नाही. धाकट्या भावंडांना बाजूला न्या, हाताशी असलेल्या वस्तू उचला, आवाज खाली ठेवा, कमी बोला. बोलायचं ते तासाभरानं, पोट भरल्यावर.

नियम तीनच ठेवा, पण पक्के: कुणाला मारायचं नाही, वस्तू फोडायच्या नाहीत, घराबाहेर पळायचं नाही. शर्ट कुठला घालायचा यावर लढाई नको. मोबाईल हिसकावून घेऊ नका. "दहा मिनिटांनी बंद", "आता दोन मिनिटं राहिली" असं आधी सांगा, मग ठरल्याप्रमाणे बंद करा.

आणि बंद म्हणजे बंद. आईनं नाही म्हणायचं, पोरानं घर डोक्यावर घ्यायचं आणि आजीनं "दे गं बाई, रडतंय" म्हणून मोबाईल द्यायचा, यातून पोराला कळतं की ओरडलं की मिळतं. पुढच्या वेळी ते जास्त जोरात ओरडतं. घरातल्या सगळ्यांचं एकमत नसेल तर कुठलीच शिस्त चालत नाही. शिक्षाही छोटी आणि लगेच हवी. सांडलं ते पुसायचं, फेकलं ते उचलायचं, लागलं त्याची माफी मागायची. आणि ज्या दिवशी पोरानं राग गिळला, त्या दिवशी ते बोलून दाखवा. तेवढं आपण हमखास विसरतो.

एक वही ठेवा. भडका कधी उडाला, त्याच्या आधी काय झालं, किती वेळ चालला. पंधरा दिवसांत काहीतरी दिसतं. भूक असेल, अपुरी झोप असेल, गणिताचा तास असेल. फळ्यावरचं उतरवता न येणाऱ्या मुलाला चष्मा लागलेला असू शकतो, अध्ययन अक्षमता असू शकते. मोठ्यांना नैराश्य आलं की ते गप्प होतात, मुलांचं नैराश्य बऱ्याचदा चिडचिडीतून दिसतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं 2013 साली यातल्या एका प्रकाराला स्वतंत्र निदान दिलं: वर्षभर, आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा असे स्फोट आणि मधल्या दिवसांतही सतत चिडलेला मूड. म्हणजे प्रत्येक हट्टी मूल आजारी नसतं, पण काहींना खरोखर डॉक्टर लागतो. अंगारा-ताईत करण्यात वर्ष घालवू नका.

आता शाळांसाठी. शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 16 सांगतं की आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम 17 मध्ये मारहाणीला आणि मानसिक छळालाही बंदी आहे. अल्पसंख्याक संस्थांचा अपवाद सोडला तर हा कायदा आपल्या शाळांना लागू आहे. 'पालकांनी स्वखुशीनं दाखला नेला' ही पळवाट सगळ्यांना माहीत आहे. मी शिक्षकांनाही दोष देत नाही. वर्गात पन्नास पोरं आणि हाताशी एकही समुपदेशक नाही, अशा वेळी त्या बाईंनी करायचं काय?

मदत कुठं आहे? टेली-मानस, 14416, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं. त्यांच्या यादीत दात-डोळ्यांबरोबर अध्ययन अक्षमता आणि अतिचंचलताही आहे. मुख्याध्यापकांनी अशा मुलांची नावं स्वतःहून पुढं करावीत. पथक मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकतं.

पण रोजंदारी बुडवून, असं पोरगं एसटीत घालून आईनं जिल्ह्याला किती खेपा मारायच्या? म्हणून माझी मागणी साधी आहे. आपल्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस मुलांचा समुपदेशक बसवा. स्वागत कमानीला निधी मिळतो, तर याला का नाही? आमदारसाहेब, नगरसेवक, कुणीतरी उत्तर द्या. मी पाठपुरावा करणार आहे.

बातमी मी छापली नाही. त्या ताईंसोबत शाळेत गेलो. मुख्याध्यापक भले माणूस निघाले. दाखला तूर्त थांबलाय. दोन्ही मुलांच्या आया एकमेकींशी बोलल्या, एक रडली, मग दुसरीही. पोराचे डोळे तपासायचे ठरलंय, पुढचं बघू.

तोवर एवढंच करा. बाजारात एखादं पोर जमिनीवर लोळून किंचाळत असेल, तर त्याच्या आईकडे रोखून बघू नका. मोबाईल काढून शूटिंग तर मुळीच नको. जमलं तर तिच्या हातातली पिशवी धरा.