मामू, फ्रेडी आपला होता का?

या ईदला घाटनांदूरला गेलो होतो. जेवणं आटोपून गच्चीवर बसलो होतो, तेवढ्यात सतरा वर्षांच्या भाच्यानं मोबाइल पुढे केला. रीलमध्ये क्वीन या ब्रिटिश बँडचं 'बोहेमियन रॅप्सडी' वाजत होतं आणि त्यात येणाऱ्या 'बिस्मिल्लाह' या शब्दाभोवती लाल गोल काढलेला होता.

"मामू, हा फ्रेडी मर्क्युरी मुसलमान होता का?"

म्हटलं, नाही रे, पारशी होता. पोराचा चेहराच पडला. "मग तो शब्द कशाला घातला?"

त्याच्या त्या पडलेल्या चेहऱ्यामुळे हे लिहायला बसलोय. त्याला गाणं आवडलं होतं, पण आवडण्यासाठी त्याला कुणाची तरी मंजुरी हवी होती. गाणारा 'आपला' निघाला असता तर बिनधास्त ऐकलं असतं.

मी त्याच्याहून लहान असताना मुंबईच्या खालेच्या मुलानं एक कॅसेट आणली होती. घरात अब्बांचा टेपरेकॉर्डर, त्यावर अझीझ नाझांच्या कव्वाल्या. त्यातच ही कॅसेट लावली आणि मला वाटलं टेप बिघडला. आधी पियानोवर हळू चाललेलं गाणं, मग गिटार, मग अचानक नाटकातल्यासारखा माणसांचा गलका, मग धडाधड रॉक, आणि शेवटी पुन्हा सगळं शांत. एका गाण्यात चार गाणी! मी कापसाच्या बोळ्यानं टेपचं हेड पुसलं आणि परत लावलं. तेच. बिघाड टेपमध्ये नव्हता. (माझ्या इंजिनिअरिंगची सुरुवात बहुधा तिथेच झाली.)

या प्रकाराला आर्ट रॉक म्हणतात हे पुढे हॉस्टेलवर कळलं. तीन मिनिटांचं नाचायचं गाणं एवढ्यावर न थांबता ऑपेरा, नाटक, पाश्चात्य शास्त्रीय संगीत, जे हाताला लागेल ते घेऊन अख्खा अल्बम एकसंध रचायचा. पिंक फ्लॉइड, जेनेसिस, क्वीन. एका सीनियरच्या हार्डडिस्कवर हे सगळं होतं आणि मी रात्र रात्र ऐकत होतो.

पण क्वीनची गोष्ट आपल्याकडून जाते. फ्रेडीचं खरं नाव फारुख बलसारा. जन्म 1946चा, झांझिबारचा. बलसारा म्हणजे बलसाडचे, आजच्या वलसाडचे. आठ वर्षांच्या या मुलाला आईवडिलांनी बोटीनं हिंदुस्थानात शिकायला पाठवलं ते थेट आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्स स्कूलमध्ये. तिथेच मित्र त्याला फ्रेडी म्हणू लागले, तिथेच तो 'हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवू लागला. 1964च्या क्रांतीत झांझिबार सोडून कुटुंब इंग्लंडला गेलं. 1970च्या सुमारास त्यानं मर्क्युरी हे आडनाव लावलं.

1975 साली 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' आला. बोहेमियन रॅप्सडी यातलंच, जवळजवळ सहा मिनिटांचं. एवढं लांब गाणं रेडिओवर कोण लावणार, असं सांगितलं गेलं तरी बँडनं ते कापलं नाही. ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. तो गलका म्हणजे तिघांचेच आवाज, 24 ट्रॅकच्या टेपवर पुन्हा पुन्हा चढवलेले. कॉम्प्युटर नाही, कॉपी-पेस्ट नाही. बेस वाजवणारा जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. कचऱ्यात सापडलेल्या सर्किटमधून त्यानं छोटा अ‍ॅम्प्लिफायर बनवला आणि बँडनं तो रेकॉर्डिंगला वापरला. ब्रायन मेची गिटार त्यानं वडिलांबरोबर घरी बनवलेली, तिच्या दांड्याचं लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. हे वाचलं तेव्हा मला अंबाजोगाईच्या रेडिओ दुरुस्तीच्या टपऱ्याच आठवल्या.

बिस्मिल्लाह का घातलं, याचं उत्तर भाच्याला मी देऊ शकलो नाही. गाण्याचा अर्थ फ्रेडीनं कधीच उलगडून सांगितला नाही. झांझिबार मुसलमानांची बहुसंख्या असलेलं बेट, हा शब्द त्याच्या कानावर लहानपणापासून असणारच. 1978च्या 'जॅझ' अल्बमचं पहिलंच गाणं 'मुस्तफा'. यावरून त्याला 'आपला' ठरवणारे आहेत, तसे शब्दाची थट्टा झाली म्हणून चिडणारेही आहेत. गंमत म्हणजे 2004 साली इराणनं क्वीनच्या निवडक गाण्यांची कॅसेट अधिकृतपणे विकू दिली होती!

मौसिकी जायज की नाजायज हा वाद मी इथे सोडवत नाही. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समावर आख्खं प्रकरण लिहिलंय, ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. माझं म्हणणं हिशेबाबद्दल आहे. बाहेरचे आपल्याला धरून चालतात की याला कव्वाली आणि गझलच आवडणार. ऑफिसच्या पार्टीत मी पिंक फ्लॉइडबद्दल बोललो की "अरे, तू हे ऐकतोस?" ठरलेलं. आणि घरचे म्हणतात, हे गोऱ्यांचं, याच्याशी तुझं काय? दोन्हीकडून आपल्याला एकच ट्रॅक दिलेला. पीटर गॅब्रिएल हा जेनेसिसचा पूर्वीचा गायक. त्यानं 1989 साली 'पॅशन' अल्बम केला, येशूवरच्या सिनेमाच्या संगीताचा, आणि त्यात आवाज घेतला नुसरत फतेह अली खानचा. नुसरतनं आपली कव्वाली बाजूला ठेवली नाही, तीच घेऊन गेला. अब्बांना तो तुकडा ऐकवला तेव्हा त्यांनी गोऱ्यांचं की आपलं, काही विचारलं नाही. "आवाज थोडा वाढव" म्हणाले.

नावाचं मात्र मला अजून सुटलेलं नाही. फारुखचा फ्रेडी शाळेत झाला, मर्क्युरी त्यानं स्वतः निवडलं. त्यामागे मंच किती आणि संकोच किती, हे तोच जाणे. माझ्या नावाची शेवटची अक्षरं पुण्यातल्या पहिल्या ऑफिसात गळाली. मी ती गळू दिली, कारण सोयीचं होतं. मग भाड्याचं घर बघताना फोनवर तेच कापलेलं नाव सांगू लागलो, आणि घर बघून, डिपॉझिट ठरवून, करारासाठी आधार कार्ड दिलं की घर "आधीच दुसऱ्याला दिलेलं" असायचं. तीनदा झालं. चौथ्यांदा पूर्ण नाव आधीच सांगितलं. घर तेव्हाही मिळालं नाही, पण निदान रविवार वाचला. तेव्हापासून पूर्णच सांगतो. फ्रेडीचा मी आयुष्यभराचा चाहता आहे, पण ही एक गोष्ट त्याच्याकडून घ्यावी असं मला वाटत नाही.

भाचा जूनमध्ये कॉलेजला पुण्याला जातोय. त्याच्या गेमचा आयडी पाहिला, भलतंच इंग्रजी नाव होतं. काही बोललो नाही. त्याचा इअरफोन काढायला लावला, स्पीकर जोडला आणि 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' पहिल्या गाण्यापासून लावला. दुसऱ्या गाण्यापर्यंत तो मोबाइलकडे बघत होता. सातव्याला त्यानं विचारलं, "मामू, हे पण त्याच बँडचं?"