दूध का आटतं ते आम्हाला विचारा

गेल्या महिन्यात तालुक्याला माता-बालक मेळावा झाला. आपल्या पाड्यांतल्या बाया कडेवर पोरं घेऊन दोन-दोन तास चालत गेल्या. तिथे एक साहेब माईकवर म्हणाले, आदिवासी बाया अडाणी, पोराला काय द्यायचं, कधी द्यायचं त्यांना कळत नाही, म्हणून पोरं मरतात. बाया गप्प बसल्या. मलाही तेव्हा उठून बोलता आलं नाही, म्हणून आता लिहिते.

आधी आपली चूक कबूल करू. आपल्या बऱ्याच पाड्यांत बाळंतिणीचा पहिला चीक पिळून टाकतात आणि बाळाला दोन-तीन दिवस गुळाचं पाणी पाजतात. चीक जड असतो, बाधतो, असं म्हाताऱ्या सांगतात. हे चुकीचं आहे. तो पिवळा घट्ट चीक थोडाच येतो, पण रोगाशी लढायची ताकद त्यात असते. आणि बाळ जितक्या लवकर चोखायला लागेल तितकं दूध चांगलं उतरतं. शेठलोक म्हशीचा चीक कधी टाकतात का? खरवस करून खातात. रेडकाचा चीक माणसं खातात आणि आपल्या लेकराचा चीक आपण मातीत ओततो! जन्मल्यावर तासाभरात बाळ अंगाला लावायचं, हे प्रत्येक पाड्यात सुईणीला सोबत घेऊन सांगितलं पाहिजे. सुईणीला नावं ठेवायची नाहीत, आपण सगळे तिच्याच हातून जन्मलो.

पण साहेब, बाकीचं आम्हाला शिकवू नका. आमची आई पोराला दोन-दोन, तीन-तीन वर्षं, पुढचं पोर होईपर्यंत पाजते. पाजत असली की पाळी लांबते, हेही आमच्या बायांना ठाऊक आहे. डब्याचं दूध आणि बाटली यांच्या जाहिराती बंद करायला सरकारला 1992 साली कायदा करावा लागला, तो काय आमच्या बायांमुळे?

मग पोर सुकतं कधी? हिशोब करा. पोर श्रावणात जन्मलं. आवणी नुकतीच झालेली, घरात दाणा संपत आलेला, आई कंद आणि पाल्यावर. तरी ती पाजते. दिवाळीला पोर तीन महिन्यांचं. तेव्हाच बयाणा घेतलेला असतो म्हणून सगळं घर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीला जातं. माघात पोर सहा महिन्यांचं होतं. आता नुसतं अंगावरचं दूध पुरत नाही, सोबत नागलीची पेज, मऊ भात, डाळ लागते. नेमकं तेव्हा पोर भट्टीवर, आणि नागलीचं शेत डोंगरावर राहिलेलं.

माझी वहिनी दोन वर्षांमागे अशीच गेली. रात्री दोनला उठून गारा करायचा, ऊन चढेपर्यंत विटा थापायच्या. मजुरी हजार विटांवर. पाजायला बसली की तेवढ्या विटा कमी, बयाण्याची फेड लांब. पोर झोळीत रडून रडून झोपायचं. दिवसात कमी वेळा पाजलं की दूधही कमी होतं, त्याला औषध नाही. मग बिनदुधाच्या चहात बुडवलेलं बिस्कीट. मग कोणीतरी बाटली आणून दिली. पाणी डबक्याचं, बाटली उकळायला सरपण कुठून आणायचं? हगवण लागली. होळीला घरी आणलं तेव्हा पोराच्या बरगड्या मोजता येत होत्या. वहिनीला पाजायचं कळत नव्हतं का?

प्रसूती लाभाचा कायदा म्हणतो, बाळंतपणानंतर कामावर आलेल्या बाईला मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला वेळ द्या. भट्टीवर तो कोणी पाहिलाय? अंगणवाडीत पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने आहार आहे. पण नाव गावातल्या रजिस्टरात, बाई भट्टीवर. मग तो आहार खातो कोण? 1992 साली आपल्याच जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला पोरं मेली, पेपरात आलं, तेव्हा गाड्यांची रांग लागली होती. दुधाची पावडर वाटून गाड्या परत गेल्या. जमीन कोणी वाटली नाही.

ज्या घराकडे कसायला प्लॉट आहे त्या घरात नागली-वरई निदान होळीपर्यंत पुरते. त्या घरची बाई दिवाळीला निघत नाही. पोर तिच्याजवळ राहतं, पेज घरात असते. हा फरक मी आमच्याच पाड्यात शेजारी-शेजारी बघते. फॉरेस्टवाला उभं पीक उपटतो तेव्हा तो त्या पोराच्या तोंडातली पेज उपटतो. हे मेळाव्यात कोणी सांगत नाही, चार्टवर गुटगुटीत बाळ दाखवतात.

म्हणून रोजगार हमीचं काम दिवाळीआधी, पाड्याजवळ मागायचं. अर्ज केल्यावर 15 दिवसांत काम द्यायला सरकार बांधलेलं आहे. कामावर पोरांसाठी सावली, पाणी आणि सांभाळायला एक बाई, हे अर्जातच लिहायचं.

आणि पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक पाड्याने यादी आणा: अंगावर पिणारं पोर घेऊन कुठल्या घरची बाई भट्टीला जाते, ते घर कुठला प्लॉट कसत होतं, 13 डिसेंबर 2005 च्या आधीची दंडाची पावती घरात आहे का. पावती बहुतेक म्हातारीच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी सापडेल.