पेटीतला चष्मा

मागच्या हिवाळ्यात धारणी तालुक्यातील एका आश्रमशाळेत पुन्हा जाण्याचा योग आला. आदल्या वर्षी तेथे आम्ही नेत्रतपासणी शिबिर घेतले होते आणि अकरा मुलांना चष्मे दिले होते. या खेपेस पाहतो तो चष्मा एकाच मुलाच्या डोळ्यांवर. बाकीच्यांना विचारले, तर ती एकमेकांकडे पाहून हसू लागली. शेवटी चौथीतल्या एका मुलीने आपली पत्र्याची पेटी उघडली आणि कपड्यांच्या घडीखालून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोरा करकरीत चष्मा काढून दाखविला. "फुटला तर बाई रागावतील," ती म्हणाली. मी तो तिला घालून पाहिला, तर घसरून ओठांवर आला! फ्रेम मोठ्या माणसाची होती आणि ती आम्हीच दिली होती. आमच्या अहवालात मात्र ती मुलगी 'लाभार्थी' म्हणून केव्हाच नोंदली गेली होती.

मेळघाटातील मुलांच्या डोळ्यांसाठी काहीच होत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीची तपासणी वर्षातून दोनदा आणि शाळेची एकदा व्हावी असे ठरलेले आहे. पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाचा डोस द्यायचा असतो. स्वयंसेवी संस्थांची शिबिरे होतात ती निराळीच. माझी तक्रार पहिल्या फेरीबद्दल नाहीच. ती दुसऱ्या फेरीबद्दल आहे, जी बहुधा होतच नाही.

मोतीबिंदूचे आणि मुलांच्या डोळ्यांचे गणित वेगळे आहे, हे आपण लक्षात घेत नाही. मोतीबिंदूचा म्हातारा वर्षभर थांबला तरी शस्त्रक्रियेनंतर त्याला बहुधा दिसू लागते. मुलाचा मेंदू मात्र साधारण सात-आठ वर्षांपर्यंतच पाहायला शिकत असतो. एका डोळ्याचा नंबर फार जास्त असला किंवा डोळा तिरळा असला (तिरळेपणा भाग्याचा, असे समजणारे लोक आपल्या शहरातही आहेत), तर त्या डोळ्याकडून येणारे अंधुक चित्र मेंदू बाजूला सारतो आणि डोळा आळशी बनतो. त्यावर उपाय म्हणजे योग्य चष्मा आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. हे महिनोन् महिने करावे लागते व मधूनमधून तपासावेही लागते. वय वाढल्यावर थोडा गुण येतो, पण तो थोडाच. चौथीतल्या त्या मुलीचा डावा डोळा असाच मागे पडलेला आहे. अंगणवाडीत असताना तो सापडायला हवा होता.

मूल स्वतः तक्रार करीत नाही. एका डोळ्याने ते रानात धावते, मोहफुले वेचते, झाडावर चढते. म्हणून गुरुजींनी तपासताना एक डोळा पूर्ण झाकलाच पाहिजे. बोटांच्या फटीतून मुले हमखास पाहतात! अक्षरांचा तक्ता येथे निरुपयोगी आहे. कोरकू ही मराठीहून सर्वस्वी निराळी, मुंडा कुळातील भाषा आहे आणि पहिलीतल्या मुलाला आपली मराठी नीट कळत नाही. इंग्रजी 'ई'च्या आकाराचा तक्ता लावावा, आठवीतल्या एखाद्या मुलीने कोरकूत समजावून सांगावे आणि मुलाने फक्त हाताने दिशा दाखवावी. एवढ्यावर काम होते.

वेळही पाहायला हवी. मार्च संपण्यापूर्वी शिबिरांचा आकडा भरण्याची घाई असते, आणि कोरकूंचा सर्वांत मोठा सण होळीचा. आम्ही एकदा नेमके त्याच आठवड्यात गेलो. वसतिगृहात एक अधीक्षक आणि दोन कुत्री होती. उलट, कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबे होळीला गावी परततात. तेव्हा पाड्यावर गेले तर शाळेत न जाणारी लहान मुलेही भेटतात.

चष्म्याचा एक स्क्रू पडला तर तो बसवायला परतवाड्याला किंवा अमरावतीला यायचे म्हणजे एस.टी.चे भाडे आणि बापाची एक दिवसाची मजुरी. अमरावती तेथून सुमारे दीडशे किलोमीटर. म्हणून मी म्हणतो, नव्या गावात शिबिर घेण्याआधी जुन्या गावात परत जा. मुलांच्या मापाच्या फ्रेमी सोबत न्या, जादा जोड अधीक्षकांकडे ठेवा, पट्टी कोणाला बांधायची त्यांची नावे अधीक्षिकेच्या खोलीत लावा, आणि चष्मा फुटला तर कोणी रागावणार नाही हे मुलांसमोर सांगा.

होळीची सुट्टी संपून शाळा भरली की आम्ही तिघे पुन्हा तेथे जाणार आहोत, त्या अकरा जणांचेच डोळे पाहायला. गाडीच्या पेट्रोलसाठी गावातील एका सद्गृहस्थांकडे देणगी मागितली, तेव्हा त्यांनी विचारले, "यात नवे लाभार्थी किती?" एकही नाही, असे मी सांगितले. ते विचार करून कळवणार आहेत.